आंदणातली पेटी

अंजूर,
४ जानेवारी २०२५

केसरीनाथकाका,

नमस्कार करते. ओळखलंत का? मी रुचिका, तुमच्या चुलतभावाची, सुभाषची धाकटी. भाग्यश्रीताईच्या लग्नात सारखी कॅमेऱ्यासमोर येत होते म्हणून तुम्ही जिला कान धरून बाजूला केलंत, तीच. ताईला फोन केला तर म्हणाली, पप्पांना आता फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज दाखवला तर चिडतात, तू पत्रच लिही. आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितेय, चुका पोटात घाला.

मी अंजूर फाट्याच्या पुढच्या एका गोडाऊनमध्ये फोटो काढायचं काम करते. ऑनलाईन विकायच्या कपड्यांचे. एका शिफ्टला चारशे कुर्ते होतात. कुर्ता लटकवा, खटॅक, काढा, दुसरा. घरी येताना त्यातला एकही आठवत नाही. मला एकदा तरी असा फोटो काढायचाय की रोलमध्ये दहाच आहेत, म्हणजे काढण्याआधी दहादा बघावं लागेल. म्हणून मोठ्या फिल्मचा, एकशेवीस रोलचा कॅमेरा घ्यायचा ठरवलाय. खाडीकडच्या शेतांवर आता पाच-सहाच घरं उरलीत, त्या माणसांचे फोटो काढायचेत.

तीन कॅमेरे समोर आहेत. पुण्याच्या एका बाईंची यशिका, दोन डोळ्यांची. कोलकात्याच्या एका दुकानाची ब्रोनिका, फोटोत तरी चकचकीत दिसते. आणि शेलार गावचा एक मुलगा आहे, भाविक, आमच्या गोडाऊनला टेम्पो लावतो. त्याच्या घरी ममिया आरबी आहे, ॲल्युमिनियमच्या पेटीत, सोबत ९० आणि १८० अशा दोन लेन्स. शेलार जवळ, म्हणून माझा जीव तिच्यावर आहे.

धामणकर नाक्यावर इतकी वर्षं तुमचा स्टुडिओ होता. तुमच्याइतकं कळणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. काय घेऊ?

रुचिका

*

पेण,
११ जानेवारी

चि. रुचिका,

पत्र मिळालं. कान धरला होता तो आठवतो, तरी तू तीन फोटोंत आलीसच.

पहिली गोष्ट. जुना कॅमेरा घेताना कॅमेरा नंतर बघायचा, विकणारा आधी. का विकतोस, हे विचारायचं आणि तो उत्तर देताना कुठे बघतो ते बघायचं. चकचकीत कोलकाता सोडून दे. फोटोत चकचकीत दिसणारी वस्तू मी कधी घेतली नाही. शिवाय तिला बॅटरी लागते, ती संपली की तू खाडीवर उभी राहशील डोक्याला हात लावून.

यशिका चांगली. लेन्स बदलता येत नाही, हे नवशिक्याचं भाग्यच समज, डोकं भरकटत नाही. बारा चौकोनी फोटो. गळ्यात घालून चालता येतं. तुझ्यासाठी तीच.

आरबी नको. अडीच किलोच्या वर वजन. तुझं मनगट मला आठवतं, काडीएवढं. आणि शेलार, अंजूर म्हणजे खाडीची हवा. तीस वर्षं पेटीत पडलेल्या लेन्सला बुरशी लागलेली असणार. तरी बघायचीच असेल तर लेन्समधून टॉर्च मार आणि दुसऱ्या बाजूने बघ, कोळ्याचं जाळं दिसलं की उठायचं. पुढचा घडीचा भाता पूर्ण ताणून उन्हात धर, टाचणीएवढं भोक असलं तरी प्रकाश आत येतो. शटर एक सेकंदावर ठेवून घड्याळ लाव. जुनं शटर तिथेच अडकतं. लेन्सचं म्हणशील तर ९० ने माणूस त्याच्या घरादारासकट येतो, १८० ने नुसता माणूस. पण हे सगळं वाया, कारण ती तू घेणार नाहीस.

मोठं निगेटिव्ह म्हणजे काय ते हातात धरल्याशिवाय कळत नाही म्हणून एक धाडतोय. तुझ्या आईबापाचा लग्नानंतर माझ्या स्टुडिओत काढलेला फोटो, शहाण्णव सालचा. बोटं लावू नकोस, कडेने धर.

हा भाविक कोणाचा? बापाचं नाव काय? तीस वर्षं शेलारच्या घरात आरबी काय करत होती? पेटीवर काही लिहिलेलं आहे का ते बघ. त्यांना विचारू मात्र नकोस, फक्त मला कळव. आणि पत्र टाकताना पाकिटावर माझंच नाव घाल, भाग्यश्रीचं नको. ती सगळं फोडून वाचते.

केसरीनाथ

*

अंजूर,
२१ जानेवारी

काका,

निगेटिव्ह मिळालं. उजेडात धरलं तर आईच्या साडीच्या काठावरची नक्षीसुद्धा मोजता आली. आता तर माझा हट्ट वाढला.

रविवारी शेलारला गेले. तुम्ही सांगितलं तसं टॉर्च मारून बघितलं, दोन्ही लेन्स स्वच्छ. जाळं नाही, ठिपका नाही. भाता उन्हात धरला, कुठे भोक नाही. एक सेकंदाला घड्याळ लावलं, बरोबर एक सेकंद. माझाच विश्वास बसेना, म्हणून भाविकला विचारलं की हा कोणी वापरत होतं का? तर म्हणाला, वापरत कोणी नव्हतं, पण त्याचे पप्पा दर दसऱ्याला पेटी काढायचे, सगळं पुसायचे, दांडा ओढून दहा-वीसदा खटॅक करायचे आणि टेम्पोच्या शेजारी ठेवून पूजा करायचे. मागच्या बाजूच्या फटीत अजून कुंकू आहे. पेटीवर काही लिहिलेलं नाही, पण झाकणावर एक कागद खरवडून काढल्याची खूण आहे.

का विकतोस विचारलं. तो टेम्पोकडे बघून म्हणाला, पप्पा गेले, आता पूजा कोण करणार? त्याची आई कमळामावशी दारातच उभी होती. मी विचारलं, कॅमेरा आला कुठून? ती म्हणाली, "माझ्या आंदणातला." आणि आत गेली. कमळामावशी मूळची अंजूरचीच, मोठ्या पाटलांची लेक. काका, आंदणात भांडी देतात, कपाट देतात. आरबी कोण देतं?

मी एक रोल टाकून बघितला. धुवायला मुंबईला दिलाय.

आता दुसरी गोष्ट. तुमचं पत्र बाबांनी टेबलावर बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "केशाला इचारतेस? दुनियेत दुसरा माणूस न्हाय गावला?" इतकंच बोलले आणि न जेवताच उठून गेले. खरं सांगते, मला बाबांचाच संशय आला. मग आईकडून काढून घेतलं. सत्त्याण्णव साली अंजूरच्या एका लग्नातून तुमचा मोठा कॅमेरा चोरीला गेला होता म्हणे, आणि तुमच्याकडे कामाला असलेल्या जान्या नावाच्या माणसाला पोलिसांनी नेलं होतं. तेव्हापासून बाबा तुमच्याशी बोलत नाहीत, पण का ते आईला माहीत नाही.

तुमचा तो मोठा कॅमेरा आरबीच होता का? हा तोच तर नाही? चोरीचा माल असेल तर मी हात लावणार नाही. स्पष्ट सांगा.

रुचिका

*

पेण,
२७ जानेवारी

चि. रुचिका,

तुला कॅमेरा घ्यायचा होता की तपास करायचा होता?

माझी आरबी होती. गेली. जान्याने कोणाला तरी विकली, कोणी तरी शेलारला विकली असेल, मला त्यात पडायचं नाही. आंदण म्हणे. चोरीच्या मालाला लोक वाटेल ते नाव देतात. शेलारच्या घरात पुन्हा जाऊ नकोस, त्या बाईशी बोलू नकोस. पाटलांची लेक आहे, उद्या तुझ्यावर आळ येईल आणि तुझ्या बापाला निस्तरावं लागेल.

यशिका घे. पैसे कमी पडत असतील तर मी घालतो. पण या महिन्यात घे आणि हा विषय संपव.

सुभाष बोलत नाही तर नाही. त्याला सगळ्यांचाच संशय येतो, लहानपणापासून.

ते निगेटिव्ह परत पाठव. मला हवं आहे.

केसरीनाथ

*

अंजूर,
५ फेब्रुवारी

काका,

निगेटिव्ह परत पाठवत नाही. का ते सांगते.

माझा रोल धुवून आला. पहिलाच रोल, दोन फोटो हलले आणि एकात मी फिल्मपुढची झाकणाची पट्टी काढायलाच विसरले, पण सात चांगले आले. तुमचं निगेटिव्ह शेजारी ठेवून बघत होते, रंग किती दाट येतो ते. तर तुमच्या निगेटिव्हच्या डाव्या कडेला दोन बारीक काळे दात आहेत, उंदराने कुरतडल्यासारखे. माझ्या सातही फोटोंना तसेच दोन, त्याच जागी. लॅबमधल्या म्हाताऱ्या काकांना दाखवलं. ते हसले. म्हणाले, जुने स्टुडिओवाले कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीला कानशीने खाच पाडायचे, म्हणजे कुठलं निगेटिव्ह कुठल्या कॅमेऱ्याचं ते कळतं. प्रत्येकाची खाच वेगळी. तुमच्या दोन होत्या, हो ना?

म्हणून तुम्ही नको म्हटलं तरी शेलारला गेले. या वेळी कॅमेऱ्याचं नाव न काढता कमळामावशीपाशी बसले, तिच्याबरोबर वाल सोलले. दुसऱ्या सुपाला ती आपणहून बोलली.

तिच्या पाठवणीच्या दिवशी आंदणाच्या खोलीतलं सगळं बायकांनी उचलून टेम्पोत भरलं. शेलारला उतरवलं तेव्हा भांड्यांबरोबर ही पेटी निघाली. सासऱ्यांना वाटलं, नवरीच्या मामाने दिली असेल. कोणी काय दिलं हे सासरच्यांनी विचारायचं नसतं, विचारलं तर कमी पडलं असं सुचवल्यासारखं होतं. आणि हिला वाटलं, बापाने सासरी हौसेने कॅमेरा दिला असेल, आपण कशाला तोंड उघडा. आठ-नऊ महिने पेटी माळ्यावर होती. मग ती बाळंतपणाला माहेरी आली, बोलता बोलता भावाला, भाविकच्या सावळाराममामांना म्हणाली, कॅमेरा कोणी दिला रे? मामांच्या तोंडचं पाणी पळालं. गावात तोवर जान्याचं सगळं झालेलं होतं.

मामा शेलारला गेले, पेटी घेतली आणि तुमच्या स्टुडिओत आणून दिली. कमळामावशी सांगते, तुम्ही झाकण उघडलंत, १८० ची लेन्स हातात घेतलीत, परत जागेवर ठेवलीत आणि म्हणालात, "माझी नव्हे." मामा म्हणाले, नीट बघा. तुम्ही म्हणालात, "माझी जान्याने विकली." झाकणावरचा तुमच्या स्टुडिओचा कागद तुम्ही त्यांच्यासमोर नखाने खरवडून काढलात आणि पेटी त्यांच्या हातात दिलीत. ती तेव्हापासून शेलारला आहे. मामांनी ही गोष्ट एका माणसाला सांगितली होती. माझ्या बाबांना.

काका, तुमची होती. मग का?

रुचिका

*

पेण,
२६ फेब्रुवारी

रुचिका,

चारदा लिहून फाडलं. हेही फाडीन असं वाटतं, म्हणून भाग्यश्रीच्या मुलाला टपालात टाकायला उभा करून ठेवलाय.

खाचा माझ्याच. चौऱ्याण्णव साली मुंबईत जुनी आरबी घेतली त्याच दिवशी दुपारी बसून पाडल्या. तुला निगेटिव्ह धाडताना मला त्यांची आठवणही नव्हती. शेलार आणि ॲल्युमिनियमची पेटी वाचूनच मला कळलं होतं. म्हणून तुला यशिकेकडे ढकलत होतो. बुरशीचं तर मी मनचंच लिहिलं.

आता ऐक. पाटलांना लेकीचे फोटो स्टुडिओसारखे हवे होते म्हणून आरबी लग्नात नेली. फोटो झाल्यावर पोरंटोरं पेटीवर चढू लागली. मी जान्याला म्हटलं, आंदणाच्या खोलीत ठेव, तिला कुलूप आहे. मीच म्हटलं. त्याने ठेवली आणि मला येऊन सांगितलं, साहेब ठेवली. मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर होतो, मान हलवली. संध्याकाळी खोली रिकामी.

चौकीत जान्या हेच सांगत होता. आंदणाच्या खोलीत ठेवली, साहेबांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, खोटं बोलतो. का म्हटलं ते विचार. तो खरं बोलतोय असं मी म्हटलं असतं तर पाटलांना जाऊन सांगावं लागलं असतं की लेकीच्या सासरी माणूस पाठवा आणि तिचं आंदण उघडून बघा. ते बोलायची माझी छाती नव्हती. नाक्यावरची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या नात्यातली. जान्याच्या झोपडीत शोधा, हे म्हणायला छाती लागली नाही. त्याचा पाडा डोंगरात, तो वारली, त्याच्यामागे कोण उभं राहणार होतं? अकरा दिवस ठेवला त्याला. काय केलं ते मला माहीत आहे, कारण सुटून आल्यावर तो स्टुडिओसमोर उभा राहिला होता आणि त्याला हात वर करता येत नव्हता. मी शटर खाली ओढलं.

सावळाराम पेटी घेऊन आला तेव्हा जान्या बायको-पोरीला घेऊन वीटभट्टीवर गेलेला होता. पेटी घेतली असती तर धामणकर नाक्यावर प्रत्येकाला सांगावं लागलं असतं की कुठे सापडली. म्हणून माझी नव्हे म्हटलं. इतकी वर्षं मी ते इतक्या वेळा मनात म्हटलंय की कधी कधी मलाच खरं वाटायचं. कसला भित्रा माणूस मी. सुभाष बोलत नाही ते बरोबर आहे.

जान्या जिवंत आहे का? वज्रेश्वरीच्या बाजूचा पाडा होता त्याचा. जमलं तर जाऊन ये. गावात बोभाटा न करता त्याला सांग की मला कळलंय माझं चुकलं. आणि कमळाला सांग पेटी त्याला दे.

केसरीनाथ

*

अंजूर,
६ मार्च

काका,

तुमचं पत्र बाबांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "आता जा तू. मी सोडतो गाडीनं." पाड्यापर्यंत आले आणि बाहेर झाडाखाली थांबले.

जान्या जिवंत आहेत. सत्तरीला आले असतील. मी अंजूरची, केसरीनाथांची पुतणी म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. म्हणाले, "काय हरवलं आता?" मी पेटीचे मोबाईलवरचे फोटो दाखवले. ते मोबाईल जवळ धरून बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "भिंगाला बुरशी न्हाय ना?" नाही म्हटलं. "मंग बरं हाय."

तुमचा निरोप सांगितला. गावात बोभाटा न करता, हेही सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, "मला कशाला सांगायचं? मला म्हाईत व्हतं की. मी ठेवलेली." पेटीला हात लावायला तयार नाहीत. "ती माझ्या दारात दिसली तर पुन्यांदा नेतील."

मी निघाले तेव्हा त्यांनी थांबवलं. त्यांची लेक सखी तेव्हा नऊ वर्षांची होती, आश्रमशाळेत तिला चोराची म्हणायचे. तिने शाळा सोडली ती यासाठीच. आता ती आमच्याच बाजूच्या एका गोडाऊनला पॅकिंगला येते, कदाचित मी तिला रोज बघत असेन. तिच्या आईला जाऊन आठ वर्षं झाली. जान्या अजून कुणाकुणाच्या वाडीवर कामाला जातात आणि संध्याकाळी घरी आले की सखी कोणी बघायच्या आत त्यांची पिशवी झटकून बघते. रोज. हे त्यांनी मला कौतुकाने सांगावं तसं सांगितलं, लेक काळजी घेते म्हणून.

त्यांचं म्हणणं एवढंच आहे. "साहेबांना सांगा, कागदावर लिहा. सहीनिशी. आणि तो कागद, ताई, तुम्ही येऊन सखीला वाचून दाखवा, मी सांगून उपयोग न्हाय."

रुचिका

*

पेण,
१३ मार्च २०२५

जान्यास आणि त्याची मुलगी सखी हिला,

मी केसरीनाथ भोईर, धामणकर नाक्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात अंजूरच्या लग्नातून माझा कॅमेरा गेला. जान्याने तो चोरला असं मी चौकीत लिहून दिलं. ते खोटं होतं. पेटी आंदणाच्या खोलीत ठेवायला मीच सांगितलं होतं आणि जान्याने तिथेच ठेवली होती. ती चुकून नवरीच्या सामानाबरोबर शेलारला गेली. हे मला वर्षभरातच कळलं. कळल्यावरही मी गप्प राहिलो, कारण मला लोकांची भीती वाटली.

जान्याने माझ्या स्टुडिओतून कधीही काहीही नेलं नाही. तो माझ्याकडे सहा वर्षं होता. अंधाऱ्या खोलीत रोल भरताना त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला चालायचा.

सखी, तुझा बाप चौकीत पहिल्या दिवशी खरं बोलला आणि अकराव्या दिवशीही तेच बोलला. मी ऐकलं नाही.

हा कागद कोणालाही दाखवावा. माझी हरकत नाही. याची एक प्रत मी आज माझ्या हाताने चौकीच्या पत्त्यावर पाठवली आहे आणि एक अंजूरला पाटलांच्या घरी.

केसरीनाथ भोईर

*

अंजूर,
२४ मार्च

काका,

आधी कॅमेऱ्याचं, म्हणजे ते संपेल. मी यशिका घेतली. पुण्याच्या बाईंना विचारलं का विकताय, तर त्या सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, हात कापतात आता. पेटी शेलारलाच आहे, कमळामावशीला ती घरात नकोय आणि बाहेरही काढवत नाही. पाटलांकडे तुमचं पत्र पोचलं. गावात चर्चा सुरू आहे, तुम्हाला बरीच नावं ठेवतात, थोडी मला पण. बाबा म्हणाले, पेणला एकदा जाऊन येऊ. कधी ते म्हणाले नाहीत.

काल रविवार, सखीला सुट्टी होती. दुपारी गेले. जान्या धुतलेला सदरा घालून बसले होते, अगदी फोटो काढायला बोलावलेली माणसं बसतात तसे. सखी उंबऱ्यात उभी. खरंच मी तिला रोज बघते, आमच्या गेटसमोर रिक्षातून उतरते ती. तिला बापाने काही सांगितलेलं नव्हतं. मी कोण, का आले, तिच्या डोळ्यांत सगळा संशयच होता. मी दिसताच तिने आधी बापाकडे बघितलं, मग कोपऱ्यात टांगलेल्या त्याच्या पिशवीकडे.

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

ती म्हणाली, "फिरून वाचा."

पुन्हा वाचलं. मग तिने कागद घेतला, सही बघितली, उलटा करून मागची बाजू बघितली. "ही त्यांचीच कशावरून?" मी म्हटलं, त्यांचं अक्षर मी ओळखते, माझ्याकडे तीन पत्रं आहेत. माझ्या पिशवीतून काढून दाखवली. तिने अक्षर ताडून बघितलं, एकेक ओळ, बोट ठेवून. घाई केली नाही. जान्या तिच्या बोटाकडे बघत होते.

बघून झाल्यावर ती बापाकडे वळली. रागावलेली होती, काका, खूप रागावलेली. म्हणाली, "मंग इतकी वर्सं मला का न्हाय सांगितलंस तू?"

जान्या म्हणाले, "सांगितलं व्हतं गं. सुटून आलो त्या दिशी. पयलं तुलाच सांगितलं."

रुचिका